हेपॅरिनच्या साखरा: कॅपिलरीवरच्या नोंदी

१७ जून

काम अखेर कागदावर आलं. हेपॅरिनची साखळी एन्झाइमने तोडायची, पडलेले तुकडे कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसवर (केसासारख्या बारीक नळीत विजेच्या जोरावर रेणू वेगळे करण्याची पद्धत) वेगळे करायचे आणि कुठला तुकडा किती टक्के, याचा तक्ता मांडायचा. नमुने तीन. 'क' म्हणजे डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेलं, औषधी दर्जाचं सोडियम हेपॅरिन. 'ख' गुरांच्या आतड्यातलं, संशोधनापुरतं विकत मिळणारं. 'ग' ही कुपी मॅडमनी स्वतः भरून दिली आहे. तिच्यात काय आहे ते विचारायचं नाही, तपासून सांगायचं.

नवा ज्युनिअर विचारत होता, रक्त गोठू न देणाऱ्या औषधात साखर कुठून आली. हेपॅरिन अख्खं साखरेचंच आहे. एक युरॉनिक आम्ल, एक ग्लुकोसामाइन, पुन्हा युरॉनिक आम्ल, पुन्हा ग्लुकोसामाइन, अशी साखळी. तिच्यावर सल्फेट इतके दाटीने बसलेले असतात की सजीवांतल्या कुठल्याही मोठ्या रेणूवर एवढा दाट ऋण भार सापडत नाही. सल्फेट बसण्याच्या मुख्य जागा तीन: युरॉनिक आम्लाचा दुसरा कार्बन, ग्लुकोसामाइनचा सहावा कार्बन आणि ग्लुकोसामाइनचा नायट्रोजन. नायट्रोजनवर सल्फेट नसेल तर बहुतेक वेळा तिथे अ‍ॅसिटिल असतो. तीन जागा, प्रत्येक जागी सल्फेट आहे किंवा नाही, म्हणून डायसॅकराइड, म्हणजे दोन साखरांचे तुकडे, आठ प्रकारची. तीन सल्फेटवालं एक, दोनवाली तीन, एकवाली तीन, बिनसल्फेटचं एक. हे आठ आकडे म्हणजे आमचा तक्ता.

१९ जून

आज फक्त वजनं. बाहेर धो धो, आणि हेपॅरिन हवेतलं पाणी असं ओढतं की तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. नुसते टक्के काढायचे असते तर वजनाचं एवढं कौतुक नव्हतं, कारण टक्के हे तुकड्यांचे आपापसातले. मॅडमना मात्र बेरीजही हवी आहे: एक मिलिग्रॅम हेपॅरिन घातलं तर एकूण डायसॅकराइड किती मिळाली. म्हणून तिन्ही नमुने व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० अंशांवर तीन तास सुकवले, डेसिकेटरमध्ये थंड केले आणि बंद झाकणाच्या बाटलीत फरकाने तोलले.

२१ जून

एन्झाइम आली. हेपॅरिनेझ १, २ आणि ३. तिन्ही मुळात एकाच मातीतल्या जिवाणूची, ज्याला आधी फ्लेवोबॅक्टेरियम हेपॅरिनम म्हणायचे आणि आता पेडोबॅक्टर हेपॅरिनस म्हणतात. पहिलं जास्त सल्फेट असलेल्या जागी कापतं, तिसरं कमी सल्फेट असलेल्या जागी, दुसरं दोन्हीकडे तोंड घालतं. तिन्ही एकत्र घातली तरच साखळी जवळजवळ पूर्ण डायसॅकराइडपर्यंत उतरते.

लेबलवरच्या युनिटकडे नीट बघायला ज्युनिअरला सांगितलं. आंतरराष्ट्रीय युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल बंध तोडणारं एन्झाइम. पण काही पुरवठादार तासाला ०.१ मायक्रोमोल हे स्वतःचं युनिट छापतात. दोन्हींत ६०० पट अंतर. एखाद्या शोधनिबंधातला आकडा तसाच उचलला तर एक तर महिन्याचं एन्झाइम एका नळीत संपेल, नाही तर हेपॅरिन जसंच्या तसं राहील. आमच्या कुप्यांपैकी एकीवर एक युनिट, दुसरीवर दुसरं. लॅबमधल्या मामांनी त्यांवर लाल आणि हिरव्या पट्ट्या चिकटवल्या. छापील लेबलपेक्षा कामाच्या.

२२ जून

डायजेस्ट, म्हणजे एन्झाइमने तोडायचं मिश्रण, लावलं. सोडियम अ‍ॅसिटेट २० मिलिमोलर, कॅल्शियम अ‍ॅसिटेट २ मिलिमोलर, पीएच ७. कॅल्शियम विसरून चालत नाही, पहिल्या एन्झाइमचं त्याच्यावाचून अडतं. हेपॅरिन मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. तापमान ३० अंश ठेवलं. बाकीच्या दोघांना ३५-३७ जास्त मानवतं, पण पहिलं त्या उबेत लवकर मान टाकतं, म्हणून त्याच्या कलाने घेतलं.

ही एन्झाइम पाण्याने बंध फोडत नाहीत. कापताना युरॉनिक आम्लाच्या चौथ्या आणि पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो आणि तो २३२ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो. अख्ख्या हेपॅरिनला तिथे जवळजवळ काहीच शोषण नाही. म्हणजे प्रत्येक काप स्वतःच आपली खूण ठेवून जातो, वेगळा रंग जोडायची कटकट नाही. थोडं डायजेस्ट काढून दसपट पातळ करायचं, क्युव्हेटमध्ये बघायचं आणि आकडा चढायचा थांबला की काम झालं असं समजायचं.

'क' आणि 'ख' संध्याकाळपर्यंत सपाटीला आले. 'ग' अजून चढतोय, पण रेंगाळत. रात्रभर ठेवला.

२३ जून

'ग'ला ताजं एन्झाइम घातलं. थोडा हलला आणि थांबला. थांबला तोही 'क'च्या बराच खाली. वहीत प्रश्नचिन्ह.

तिन्ही नळ्या उकळत्या पाण्यात धरून एन्झाइम मारलं आणि १० किलोडाल्टनच्या स्पिन फिल्टरमधून गाळलं. एन्झाइमबरोबर स्थिरतेसाठी घातलेला अल्ब्युमिनसारखा प्रथिनाचा भाग असतो; तो कॅपिलरीच्या भिंतीला चिकटला की पुढचे सगळे रन शेपट्या काढतात. खालचं गाळलेलं पाणी आपलं. वरचा गाळ सगळे फेकतात. मॅडम म्हणाल्या, फेकू नका, फ्रीझरमध्ये ठेवा.

२५ जून

नवी कॅपिलरी बसवली. सिलिकाची, आतला व्यास ५० मायक्रोमीटर, एकूण लांबी ६४.५ सेंटिमीटर, डिटेक्टरपर्यंत ५६. एवढ्या लांबीच्या नळीत एकूण मावतं सव्वा मायक्रोलिटर. नमुना ५० मिलिबार दाबाने ५ सेकंद आत ढकलला की सहा-सात नॅनोलिटर जातो. डायजेस्टच्या एका थेंबात आयुष्यभराचे रन होतील, असं ज्युनिअर म्हणाला. खरं आहे, पण दुसरी बाजूही आहे: डिटेक्टरचा प्रकाश फक्त ५० मायक्रोमीटर द्रावणातून जातो. क्युव्हेटमध्ये तोच रस्ता एक सेंटिमीटरचा, म्हणजे २०० पट. एक मिलिमोलर डायसॅकराइडचं शोषण क्युव्हेटमध्ये पाचाच्या घरात जाईल, इथे जेमतेम ०.०२५. त्यामुळे नमुना फार पातळ करून चालत नाही.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) साधा: २० मिलिमोलर फॉस्फोरिक आम्ल, डायसोडियम फॉस्फेटच्या संपृक्त द्रावणाने पीएच ३.५ ला आणलेलं. लिनहार्ट यांच्या गटाने नव्वदच्या दशकात बसवलेली ही रीत अजून टिकून आहे. कारण सरळ आहे. या पीएचला सल्फेट पूर्ण भारित राहतात, कार्बॉक्सिल अर्धवट, आणि सिलिकाची भिंत जवळजवळ गप्प बसते. भिंत गप्प बसली की इलेक्ट्रोऑस्मोटिक प्रवाह, म्हणजे भिंतीवरच्या भारामुळे नळीतलं सगळं द्रावण वाहणं, मंदावतो आणि तुकडे स्वतःच्या भाराच्या जोरावर धन टोकाकडे धावतात. म्हणून ध्रुव उलटे: नमुना ऋण टोकाला घालायचा, डिटेक्टर धन टोकाला. तीन सल्फेटवालं पहिलं येणार, बिनसल्फेटचं शेवटी.

१५ किलोव्होल्टला करंट साडेसात मायक्रोअँपिअरच्या आसपास. रेघ सरळ. आज एवढंच बघायचं होतं.

२६ जून

दमट हवेने घात केला. रन मध्यावर असताना करंट उसळला आणि मशीनने व्होल्टेज तोडलं. इलेक्ट्रोडपाशी बफर सुकून मिठाची पांढरी कड आली होती, तिच्यावर ओल बसली आणि वीज त्या वाटेने गेली. इलेक्ट्रोड, कुप्यांची झाकणं, सगळं पुसून कोरडं केलं, एसी कोरड्या मोडवर, आणि केबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. जुलै-ऑगस्टमध्ये इथे असं काम म्हणजे रोजची हीच पूजा.

२८ जून

आठ स्टँडर्ड, म्हणजे ओळख माहीत असलेली शुद्ध डायसॅकराइड, एकेक करून चालवली, मग मिश्रण. तीन सल्फेटवालं बाराव्या मिनिटाच्या आसपास. दोन सल्फेटवाल्यांचा तिघांचा घोळका त्यानंतर. हे तिघे वजनाने आणि भाराने इतके जवळचे की नुसत्या वेळेवरून कोण कोण ते ठरवू नये. डायजेस्टमध्ये एकेक स्टँडर्ड मिसळून कुठला पीक (आलेखावरचा सुळका) उंच होतो ते बघायचं, हाच खात्रीचा मार्ग. एक सल्फेटवाली तिसाव्या मिनिटाच्या आगेमागे. बिनसल्फेटचं मात्र रडकं. अर्धवट भारित एका कार्बॉक्सिलच्या बळावर ते पुढे सरकतं आणि उरलासुरला ऑस्मोटिक प्रवाह त्याला मागे ओढतो. कधी पोचतं, कधी नाही. सगळी एक सल्फेटवाली बाहेर पडली की थोडा दाब देऊन त्याला ढकललं. पडताळा म्हणून बोरेट आणि एसडीएस या साबणासारख्या पदार्थाच्या पीएच ८.८ च्या बफरमध्ये, सरळ ध्रुवांनी, एक रन घेतला. तिथे रांग उलटी लागते, त्यामुळे हे शेवटचं महाशय पहिल्या रांगेत.

ज्युनिअरसाठी ठळक नोंद: पीकचं क्षेत्रफळ तसंच वापरायचं नाही. एचपीएलसीत, म्हणजे दाबाखालच्या द्रव क्रोमॅटोग्राफीत, सगळे पदार्थ डिटेक्टरसमोरून एकाच वेगाने जातात, कारण द्रावक ढकलतो. इथे प्रत्येक जण आपल्या वेगाने जातो. तिसाव्या मिनिटाला येणारा तुकडा बाराव्या मिनिटाला येणाऱ्यापेक्षा अडीचपट वेळ खिडकीत उभा राहतो, म्हणून तितक्याच रेणूंचं क्षेत्रफळ अडीचपट दिसतं. क्षेत्रफळाला त्याच्या वेळेने भागायचं, मगच टक्के. हे न करता काढलेले तक्ते कमी सल्फेटची साखर फुगवून दाखवतात.

१ जुलै

'क' तयार. तीन सल्फेटवालं ६४ टक्के. नायट्रोजन आणि सहाव्या जागी सल्फेट असलेलं १०, नायट्रोजन आणि दुसऱ्या जागी असलेलं ८. बिनसल्फेटचं ४. बाकी चिल्लर. दर डायसॅकराइडमागे सल्फेट सरासरी अडीच. डुकराच्या हेपॅरिनचा प्रसिद्ध झालेला चेहरा हाच.

मला आवडले ते दोन-तीन बुटके पीक, जे आठांपैकी कोणाशीच जुळत नाहीत. ते टेट्रासॅकराइड आहेत. ग्लुकोसामाइनच्या तिसऱ्या कार्बनवर सल्फेट असला की एन्झाइम तिथे कापायला कचरतं आणि चार साखरांचा तुकडा तसाच उरतो. आता गंमत अशी की अँटिथ्रॉम्बिनला (रक्त गोठणं रोखणाऱ्या प्रथिनाला) धरून ठेवणाऱ्या पाच साखरांच्या तुकड्यात हाच दुर्मीळ तिसरा सल्फेट असतो. औषधाचा गुण ज्याच्यावर उभा आहे ती साखर तक्त्यात 'इतर' या रकान्यात जाते. साखळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांवरच हा तुकडा असतो. याच पाच साखरा कृत्रिमरीत्या बांधून फोंडापॅरिनक्स हे औषध झालं.

३ जुलै

'ख' गुरांचं आहे हे नाव झाकलं असतं तरी कळलं असतं. तीन सल्फेटवालं पन्नाशीला उतरलं आणि नायट्रोजन-दुसरी जागा या जोडीचा पीक 'क'च्या दुपटीवर गेला. गुरांच्या आतड्यातल्या हेपॅरिनमध्ये सहाव्या जागेचे सल्फेट कमी असतात, त्याची ही सही. बेरीज दोघांचीही नीट बसली.

५ जुलै

'ग'.

टक्क्यांचा तक्ता 'क'वर ठेवला तर रेघेला रेघ. ६३, १०, ८, असंच पुढे. कुठलीही समिती हा तक्ता बघून मान डोलावेल. पण बेरीज 'क'च्या चार पंचमांशच. एक मिलिग्रॅम घातलं आणि त्यातलं वीसेक टक्के कुठल्याच पीकमध्ये नाही. सुकवून तोललेलं आहे, तेव्हा पाण्यावर ढकलता येत नाही. मीठ असू शकतं. पण मीठ एन्झाइमची चाल इतकी मंद करत नाही, आणि ताजं एन्झाइम घातल्यावरही आकडा थोडा हलून थांबला होता.

फ्रीझरमधला गाळ काढला. 'क'च्या, 'ख'च्या आणि 'ग'च्या फिल्टरवर राहिलेला भाग धुऊन थोड्या पाण्यात घेतला आणि पांढऱ्या पोर्सेलिनच्या थाळीवर टोलुइडीन ब्लूच्या थेंबात मिसळला. 'क' निळा. 'ख' निळा. 'ग' टेकवल्याबरोबर थेंबाच्या कडेपासून जांभळा व्हायला लागला आणि मधोमध बारीक जांभळी कणी जमली. टोलुइडीन ब्लू असा रंग बदलतो तो लांब, दाट ऋण भार असलेली साखळी भेटली की. म्हणजे 'ग'मध्ये अशी एक साखळी आहे जिला तिन्ही हेपॅरिनेझ कापू शकली नाहीत.

६ जुलै

मॅडमनी वाचायला सांगितलं होतं ते सगळं २००८ चं निघालं. २००७ च्या शेवटी अमेरिकेत मिझुरीतल्या सेंट लुईसला डायलिसिसवरच्या मुलांना हेपॅरिन दिल्यावर अचानक तीव्र प्रतिक्रिया येऊ लागल्या. रक्तदाब कोसळायचा, चेहरा सुजायचा. २००८ च्या सुरुवातीला बॅक्स्टर या औषध कंपनीने माल मागे घेतला. तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मार्चमध्ये सांगितलं की तपासलेल्या नमुन्यांत ५ ते २० टक्के हेपॅरिनसारखं दिसणारं दुसरंच काहीतरी आहे. ते निघालं ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. कूर्चेतून मिळणाऱ्या स्वस्त कॉन्ड्रॉइटिनवर रासायनिक पद्धतीने सल्फेट लादलेले, दर डायसॅकराइडमागे चार. निसर्गात असं काही बनत नाही. कच्चा माल चीनमधून येत होता, आणि तिथे त्याआधी डुकरांवर ब्लू इअर रोगाची साथ येऊन गेलेली. अशी भेसळ पुढे अकरा देशांतल्या मालात सापडली.

रक्तात ते फॅक्टर १२ या प्रथिनाला चेतवतं, त्यातून कॅलिक्रेइन, त्यातून रक्तवाहिन्या सैल करणारं ब्रॅडिकायनिन, आणि रक्तदाब खाली.

दारावरच्या चाचण्यांना ते का चुकवू शकलं हे जास्त बघण्यासारखं आहे. त्या वेळी अमेरिकन फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात) ताकद मोजायची ती मेंढीच्या प्लाझ्माला गोठायला किती वेळ लागतो त्यावरून. या बनावट पदार्थातही गोठणं रोखण्याचा थोडाफार गुण आहे, त्यामुळे आकडा पडत नव्हता. दुधात पाणी घालून वर साखर टाकली की लॅक्टोमीटर जसा गप्प बसतो, तसंच. आणि आमची कृती? एन्झाइम त्याला कापत नाही, म्हणून त्याच्यावर दुहेरी बंध तयार होत नाही, म्हणून २३२ ला ते दिसत नाही. त्यातून उरलेलं फिल्टरवर अडकतं आणि कचऱ्यात जातं. शिवाय ते हेपॅरिनेझला अडवतं, हेही प्रसिद्ध आहे. 'ग'चं रेंगाळणं त्यात बसतं. साखरेचा तक्ता म्हणजे एन्झाइमने जे कापलं त्याचा हिशेब. न कापलेल्याबद्दल तो काही बोलतच नाही, आणि टक्के शंभरावर आणून ठेवले की ही शांतता झाकली जाते. म्हणून माझ्या मते टक्क्यांच्या तक्त्याखाली एकूण बेरजेची ओळ नसेल तर तो तक्ता छापूच नये.

८ जुलै

अख्ख्या हेपॅरिनचा रन. एन्झाइम नाही, फिल्टर नाही. डिटेक्टर २०० नॅनोमीटरला, कारण न कापलेल्या साखळीला त्याहून वर शोषण नाहीसंच. हे हेपॅरिन एका टोकदार पीकमध्ये येत नाही. लांबी वेगळी, सल्फेट वेगळे, अशा हजारो साखळ्यांचा रुंद उंचवटा येतो. दाट भाराची साखळी पुढे पळते, म्हणून ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन उंचवट्याच्या पुढच्या बाजूला यायला हवं आणि डर्मॅटन सल्फेट ही कमी भाराची दुसरी साखरेची साखळी मागच्या.

डायजेस्टसाठीच्या बफरमध्ये 'ग'चा उंचवटा पुढून नुसता खांद्यासारखा फुगलेला दिसला. शंका घेण्यापुरतं ठीक, आकडा देण्यापुरतं नाही. २००८ च्या घाईत जाहीर झालेल्या पहिल्या कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस पद्धतीतही हीच अडचण होती. पुढे लोकांनी बफर शेकडो मिलिमोलरवर नेला आणि कॅपिलरी २५ मायक्रोमीटरची घेतली, कारण इतक्या खारट बफरमध्ये जाड नळी तापते. आमच्याकडे २५ ची एक तुटपुंजी लांबी शिल्लक होती. ट्रिस फॉस्फेटचा दाट बफर घालून चालवली. 'क': एक उंचवटा, पुढे कोरी बेसलाइन. 'ग': उंचवट्याच्या आधी अरुंद, सरळसोट उभा पीक, मध्ये बेसलाइनपर्यंत दरी.

त्याच द्रावणात फार्माकोपियाचं ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिनचं स्टँडर्ड मिसळून पुन्हा चालवलं. तोच पीक उंच झाला, नवा आला नाही.

१० जुलै

मॅडमना लिहून दिलं: डुकराचं हेपॅरिन, त्यात सुमारे २० टक्के ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन. त्यांनी कपाटातून आपली चिठ्ठी काढली, १८ लिहिलेलं होतं. दोन टक्क्यांचा फरक कुठून आला यावर चहा संपेपर्यंत वाद. माझं म्हणणं, 'ग'मध्ये थोडं हेपॅरिनही अर्धवट कापलेलं राहिलं आणि गाळात गेलं, एन्झाइम अडवलं गेलं होतंच. त्यांचं म्हणणं, सिद्ध करा.

तेव्हा पुढचं काम: आम्लाने पूर्ण फोडून ग्लुकोसामाइन आणि गॅलॅक्टोसामाइनचं प्रमाण. हेपॅरिनमध्ये ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन आणि डर्मॅटनमध्ये गॅलॅक्टोसामाइन, आणि आम्ल कोणाला सोडत नाही. २००८ नंतर फार्माकोपियाने गॅलॅक्टोसामाइनची मर्यादा एकूण हेक्सोसामाइनच्या (या दोन्ही साखरांच्या बेरजेच्या) १ टक्क्यावर आणली ती याचसाठी. 'ग'च्या गाळात ग्लुकोसामाइन निघालं तर माझं खरं. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या अँप्यूल मागवल्या आहेत, हीटिंग ब्लॉक बाजूच्या लॅबकडून सोमवारी मिळेल.